साडेतीन सीसीचं नायट्रो इंजिन : रनिंग-इनच्या नोंदी

७ डिसेंबर २०२४, शनिवार

इंजिन आलं. रिमोट कंट्रोलच्या छोट्या गाडीचं, नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणारं. रनिंग-इन म्हणजे नव्या इंजिनाचे भाग पहिल्या काही टाक्यांत एकमेकांना बसवून घेणं, त्याच्या या नोंदी. साइज २१, म्हणजे ०.२१ घन इंच. आपल्या मापात साडेतीन सीसी. बोअर १६.२७ मिमी, स्ट्रोक १६.८ मिमी. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, स्लीव्ह पितळेचा, स्लीव्हला आतून क्रोम. या जातीच्या इंजिनाला एबीसी म्हणतात. पिस्टनला रिंग नाही, कॉम्प्रेशन धरायचं ते निव्वळ फिटिंगवर.

बसणार आहे एकास आठ मापाच्या (खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश) एका जुन्या रिमोटच्या बग्गीत. तिच्या आधीच्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड तुटला आणि जाता जाता क्रँककेसला भगदाड पाडून गेला. आधीचा मालक मोठ्या अभिमानाने सांगत होता की इंजिन त्याने कित्येक टाक्या गार ठेवून, भरपूर धूर काढत, हळूहळू बसवलं होतं. माझा संशय त्या गार ठेवण्यावरच आहे. म्हणून या वेळी तापमान लिहून ठेवत जायचं ठरवलंय.

ग्लो प्लग (इंधन पेटवणारा प्लग) न लावता फ्लायव्हील हाताने फिरवलं. पिस्टन खालून अलगद वर येतो आणि अगदी वरच्या टोकाला गच्च रुततो. अंगठ्याने रेटलं की चिर्र करून पलीकडे जातो. नव्या एबीसी इंजिनात हे असायलाच हवं, कारण स्लीव्ह सरळ नळी नसते, वरच्या बाजूला किंचित निमुळती असते.

संध्याकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तात्यांना दाखवलं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. राजदूत, जावा, येझदी, आरएक्स १०० यांच्या बोअर-पिस्टनच्या कामात त्यांची हयात गेली. त्यांनी फ्लायव्हील दोनदा फिरवलं, कानाजवळ धरून ऐकलं आणि म्हणाले, "हे जॅम हाय की रं. ठेव इथं. उद्या लॅप करून देतो, लोण्यासारखं फिरंल."

लॅप करणं म्हणजे बारीक घासून मोकळं करणं. मी आधी इंजिन पिशवीत घातलं आणि मग बोलायला सुरुवात केली.

तात्यांचं गणित खरं आहे, पण ते दुसऱ्या इंजिनाचं. आरएक्सला बिडाचा लायनर आणि त्यात अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन. तापलं की अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे गाडी जितकी तापेल तितकी फट कमी. फट संपली की पिस्टन धरला. म्हणून ताज्या बोअरच्या गाडीवर तात्या गिऱ्हाइकाला दम भरायचे: चाळीसच्या वर जायचं नाही, घाटात थांबत जायचं, इंजिन गार पडू द्यायचं.

इथे प्रकरण उलटं. पितळ या पिस्टनच्या सिलिकॉनयुक्त अ‍ॅल्युमिनियमपेक्षा जास्त फुगतं, आणि स्लीव्हचा वरचा भाग जळणाला चिकटून असल्याने तोच सगळ्यात जास्त तापतो. तापमान ८० अंशांनी वाढलं तर १६.२७ मिमी व्यासाची पितळी नळी साधारण २५ मायक्रॉन मोठी होते. गार असताना निमुळती असलेली स्लीव्ह कामाच्या तापमानाला सरळ व्हावी, याच हिशेबाने ती घासलेली असते. मग गार इंजिन फिरवत राहिलं तर काय होईल? पिस्टन मिनिटाला हजारो वेळा त्या अरुंद गळ्यात ठोकला जाईल. झिजेल तो गळा, जो पुढे कॉम्प्रेशन धरणार आहे, आणि प्रत्येक ठोक्याचा ताण जाईल रॉडवर.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे हे तापवूनच चालू करायचं म्हण की."

"होय तात्या."

"आणि धरलं तर?"

"तर मग तुम्ही लॅप करा."

८ डिसेंबर, रविवार

जोडणीचा दिवस. फार लिहिण्यासारखं नाही, पण पुढे गोंधळ नको म्हणून टिपून ठेवतो.

हेडचे आणि बॅकप्लेटचे स्क्रू आमनेसामने असे क्रमाने तपासले. एक थोडा ढिला होता. इंजिन माउंटच्या स्क्रूंना थ्रेडलॉक (ते ढिले होऊ नयेत म्हणून लावायचा चिकट द्रव). क्लच बेल आणि स्पर गिअरच्या मध्ये कागदाची पट्टी घालून मेश (दातांची एकमेकांतली पकड) लावला, पट्टी निघाल्यावर चाक किंचित खुळखुळलं पाहिजे. टाकी पाण्यात बुडवून नळीतून फुंकली, बुडबुडे नाहीत. एअर फिल्टरचा फोम फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळला. आपल्याकडच्या धुळीत कोरडा फोम म्हणजे फिल्टर नसल्यातच जमा.

कार्बची (कार्ब्युरेटरची) आयडलची फट १ मिमीच्या आसपास. रिसीव्हरचा फेलसेफ लावला आणि ट्रान्समीटर बंद करून तपासला: थ्रॉटल मिटतो, ब्रेक लागतो. तीन-चार किलोची गाडी सिग्नल गेल्यावर फुल थ्रॉटलने सुटली तर ती खेळणं राहत नाही.

पिस्टन अगदी तळाला असताना फ्लायव्हीलच्या वरच्या कडेवर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. इंजिन बंद झालं की ठिपका वर आणून ठेवायचा. गरम इंजिन पिस्टन वर असताना गार झालं तर स्लीव्ह आकसून त्याला आवळते आणि पुढचा स्टार्ट म्हणजे कुस्ती. बाटली परत जागेवर ठेवली आहे, तरी घरात प्रश्न विचारला गेलाच.

१४ डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती. तात्या नरसोबाच्या वाडीला गेले आहेत. मी इंधन आणून ठेवलं. पुण्याहून, स्वतःच्या गाडीने, कारण हे कुरिअरला देता येत नाही.

डब्यावर २५ टक्के नायट्रोमिथेन, १२ टक्के तेल, उरलेलं मिथेनॉल. तेलात सिंथेटिक आणि एरंडेल दोन्ही आहे. एरंडेलाचा भाग पाहून बरं वाटलं. इंजिन क्षणभर लीन झालं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडलं, तरी एरंडेल धातूला धरून राहतं. फार झालं तर मात्र पिस्टनवर तपकिरी वार्निश चढवतं. जगात सर्वांत जास्त एरंडी पिकते भारतात, त्यातही गुजरातेत, आणि आपण हा डबा परदेशी लेबल वाचत विकत घेतो.

रनिंग-इनसाठी वेगळं, कमी नायट्रोचं इंधन वापरा असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला पटत नाही. पुढे जे जाळायचं त्यावरच इंजिन बसवावं, नाहीतर नीडलचं, म्हणजे कार्बमधल्या इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईचं, सेटिंग पुन्हा पहिल्यापासून. शिवाय कमी नायट्रोवर इंजिन आणखी गार चालतं, आणि इथे तेच नको आहे.

पुतण्याने विचारलं, एवढीशी टाकी इतक्या लवकर कशी संपते. टाकी १२५ सीसीची, शर्यतीत जेमतेम आठ-दहा मिनिटं पुरते. कारण हवेच्या प्रमाणात आहे. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जाळायला पावणेपंधरा ग्रॅमच्या आसपास हवा लागते. मिथेनॉलला साडेसहा ग्रॅमही लागत नाही. नायट्रोमिथेन आपला ऑक्सिजन अंगातच घेऊन येतं, त्याला पावणेदोन ग्रॅम पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन कोंबता येतं. ताकद तिथून येते आणि तहानही. याच नायट्रोमिथेनचा स्फोटकांसाठी वापर होऊ शकतो म्हणून युरोपीय संघात २०२१ च्या फेब्रुवारीपासून १६ टक्क्यांवरचं मिश्रण सर्वसामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय मिळत नाही.

डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत "विष" लिहून तो कुलपात ठेवला. मिथेनॉल पोटात गेलं तर आधी डोळे जातात, मग जीव. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं मेली ती मिथेनॉलच्याच दारूने. ते कातडीतूनही शरीरात जातं, म्हणून हातमोजे घालूनच हाताळायचं. आणि त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही. इंजिनाजवळ हवा थरथरताना दिसली तर ते ऊन समजू नये. मिथेनॉल पाण्यात मिसळतं, त्यामुळे पाण्याची भरलेली बादली शेजारी ठेवली तर ती खरंच कामाला येते.

१५ डिसेंबर, रविवार

पहिला स्टार्ट. जागा तात्यांच्या वर्कशॉपमागचं अंगण. सकाळी साडेनऊ, हवा गार, इंजिन त्याहून गार.

गाडी लाकडी ठोकळ्यांवर, चाकं काढलेली. हीट गनने हेड आणि क्रँककेस सगळीकडून सारखं तापवलं. मध्येच फ्लायव्हील हाताने फिरवत राहिलो. साठ अंशांपर्यंत फार फरक नव्हता. नव्वदीला पोचल्यावर तोच गळा अंगठ्याच्या साध्या दाबाने पार व्हायला लागला. तात्यांच्या हातात दिलं. त्यांनी पाच-सहा वेळा फिरवलं, बोलले काहीच नाहीत. मात्र लॅपिंगचा विषय त्यानंतर निघाला नाही.

मग त्यांचा प्रश्न: "स्पार्कची वायर कुठाय?" नाही. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमची बारीक कॉइल असते. सुरुवातीला तिला दीड व्होल्टने लाल करायचं. इंजिन चालू झालं की मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागून स्वतःच उष्णता काढते, कॉइल लाल राहते, बॅटरी काढून घ्यायची. अमेरिकेत रे आर्डेन यांनी १९४७ मध्ये हे बाजारात आणलं आणि मॉडेल इंजिनातून मॅग्नेटो, कॉइल, कंडेन्सर सगळं गेलं. "म्हणजे टायमिंगपण नाही?" नाही. टायमिंग ठरतं ते प्लगच्या गरमपणावर, कॉम्प्रेशनवर, मिश्रणावर आणि नायट्रोवर. पॉइंटची फट लावण्यात ज्याची चाळीस वर्षं गेली त्या माणसाला हे ऐकून वाईट वाटलं असावं.

हाय-स्पीड नीडल (वरच्या वेगाला इंधन ठरवणारी) कंपनीच्या सेटिंगपेक्षा अर्धा फेरा जास्त उघडली. लो-स्पीडला (आयडल आणि कमी वेगाच्या नीडलला) हात लावला नाही. एक्झॉस्टचं तोंड बोटाने धरून फ्लायव्हील फिरवलं, इंधन नळीतून कार्बपर्यंत आलेलं पाहिलं, लगेच थांबलो. यापुढे फिरवत राहिलं तर सिलिंडर भरतो, आणि द्रव काही दाबला जात नाही, वाकतो तो रॉड. ग्लो स्टार्टर लावला, गाडी स्टार्टर बॉक्सवर (फ्लायव्हील फिरवणाऱ्या मोटरच्या पेटीवर) दाबली. दोन-चार खोकल्या, एक मोठा फुत्कार, आणि चालू.

पांढरा धूर, पाइपच्या तोंडातून तेलाचे शिंतोडे, आवाज जाडाभरडा, अडखळता. तात्या लगेच म्हणाले, "एक आड एक मारतंय." बरोबर. जास्त रिच, म्हणजे इंधन जास्त मिळणारं, टू-स्ट्रोक दर फेरीला न पेटता एक फेरी सोडून पेटतं. या घडीला तेच हवं आहे, कारण इंधनातूनच तेल जातं. जास्त इंधन म्हणजे जास्त तेल.

पण इथेच पेच आहे. जास्त इंधन म्हणजे जास्त गारवाही. मिथेनॉल वाफ होताना भरपूर उष्णता ओढून घेतं. नव्वदला तापवलेलं हेड दोन मिनिटांत पंचाहत्तरला आलं. तेल हवं म्हणून रिच, उष्णता हवी म्हणून लीन, दोन्ही एकदम कसं मिळणार? उत्तर स्वयंपाकघरात होतं. हेडच्या पंखांभोवती अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली, वरची थोडी बाजू उघडी ठेवली. नीडल होती तिथेच. तापमान ९५ वर गेलं आणि तिथे टिकलं.

आयडलवरच नुसतं चालू ठेवलं नाही. मधून मधून थ्रॉटलला हलका झटका देत राहिलो, नाहीतर क्रँककेसमध्ये इंधन साचतं आणि प्लग विझतो. तीनेक मिनिटांनी पाइपच्या तोंडावर जाड फडकं दाबून बंद केलं. इंधनाची नळी चिमटूनही इंजिन बंद होतं, पण मग शेवटचे काही क्षण ते इंधनाविना, पर्यायाने तेलाविना फिरतं. नव्या इंजिनाला तो अनुभव कशाला द्यायचा? लाल ठिपका वर आणला. पूर्ण गार होईपर्यंत चहा.

"वास ओळखीचा हाय," तात्या म्हणाले. एरंडेलाचा.

अशा तापवणं-चालवणं-गार करणं या फेऱ्यांत पहिली टाकी संपवली.

१५ डिसेंबर, रात्री : थर्मामीटरची भानगड

वर लिहिलेले आकडे मल्टिमीटरच्या थर्मोकपलचे (धातूला टेकवून तापमान मोजणाऱ्या तारेचे) आहेत. हे मुद्दाम वेगळं लिहितो, कारण इन्फ्रारेड गन त्याच वेळी साठीच्या आसपास दाखवत होती.

गन खराब नाही. चकचकीत धातू फार कमी इन्फ्रारेड सोडतो आणि आजूबाजूचंच परावर्तित करतो. गनचा हिशेब काळ्या, मंद पृष्ठभागासाठी असतो. माझं हेड उघड्या, घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमचं आहे. आता कल्पना करा: कुणी गनवर विश्वास ठेवला, साठ अंश पाहून "अजून गारच आहे" म्हणत नीडल आवळत गेला. गन नव्वद दाखवेल तेव्हा इंजिन कुठे असेल? इंटरनेटवरच्या मंचांवरच्या निम्म्या "अचानक सीझ झालं" कहाण्यांमागे हेच असावं असं मला वाटू लागलंय.

उपाय सोपा निघाला. मोटरसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो उष्णता सोसणारा काळा मॅट रंग. ग्लो प्लगच्या शेजारी नखाएवढा ठिपका दिला, सुकवला. आता गन आणि थर्मोकपल यांच्यात दोन-तीन अंशांचाच फरक राहतो. यापुढचे सगळे आकडे त्या काळ्या ठिपक्यावरचे.

२१ डिसेंबर, शनिवार

दुसरी टाकी सुरू. हीट गनने तापवून लगेच पकडलं. नीडल जुनीच, फॉइल जुनीच.

पाचेक मिनिटांनी वागणं बदललं. थ्रॉटल सोडल्यावर आवाज लगेच खाली यायला हवा, तो वरच लटकून मग सावकाश उतरू लागला. धूर विरळ झाला. काळ्या ठिपक्यावर ११८. नीडल कुणी हलवली नव्हती. म्हणजे एक तर कुठून तरी हवा आत जातेय किंवा इंधन कमी येतंय. फडकं लावून बंद केलं.

या शोधात तात्या माझ्या पुढे होते. टू-स्ट्रोकला हवेची गळती म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवायला नको. त्यांचा पहिला संशय कार्बच्या बुडाशी असलेल्या ओ-रिंगवर. पुन्हा चालू करून तिथे पातळ तेलाचा थेंब सोडला: हवा ओढली जात असेल तर थेंब आत खेचला जातो आणि आवाज क्षणभर बदलतो. काही नाही. बॅकप्लेटच्या कडेला थेंब. काही नाही. क्रँककेसच्या पुढच्या बेअरिंगपाशी, तिथेही नाही.

मग पुतण्या म्हणाला, "नळीत फुगे जातायत." इंधनाच्या नळीत बारीक बुडबुड्यांची माळ टाकीकडून कार्बकडे पळत होती. आम्ही दोघं इंजिनाकडे बघत बसलो होतो, हा नळीकडे बघत होता. नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकत होती. गाडी ठोकळ्यांवर असताना ती थोडी लोंबते, पहिल्या टाकीत तापून मऊ पडली आणि वळणावर सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. बाहेरून ओलही दिसत नव्हती, कारण इंधन बाहेर येण्याऐवजी हवाच आत जात होती.

नवी सिलिकॉन नळी. वळणावर बारीक स्प्रिंग चढवली, रस्ता बदलून रेडिओ बॉक्सच्या बाजूने नेली. पुन्हा चालू: ९७, धूर भरपूर, थ्रॉटल सोडला की आवाज लगेच खाली.

११८ अंशांनी काय केलं असेल? एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्चने पिस्टनची बाजू पाहिली. उभे ओरखडे नाहीत. तात्यांनी भिंग लावून पाहिलं आणि "काय झालेलं नाही" म्हणाले. तापमान नुसतं वाढलं म्हणून इंजिन मरत नाही. मरतं ते तापमान वाढलेलं असताना तेल कमी पडलं तर. तेवढा वेळ आम्ही दिला नाही.

२९ डिसेंबर, रविवार

जमिनीवर. गोकुळ शिरगावला एका ओळखीच्यांच्या गोडाउनपुढे काँक्रीटचं मोकळं पटांगण आहे. आवाजाची तक्रार करायला कुणी नाही, फक्त एक कुत्रं आहे आणि त्याला बग्गी मुळीच आवडली नाही.

ठोकळ्यांवर टाक्यामागून टाक्या आयडल करण्याच्या पद्धतीवर माझा विश्वास नाही. रॉडचं बुश, क्रँकपिन, पिस्टनचा स्कर्ट यांना शेवटी भार सोसायचा आहे, तर भाराची ओळखही लवकर व्हावी, फक्त हलक्या हाताने. म्हणून चाकं लावली आणि रिच सेटिंगवरच मोठ्या लंबगोलात फिरवायला सुरुवात केली. अर्धा थ्रॉटल, दोन-तीन सेकंद, सोडायचा, घरंगळू द्यायचं, पुन्हा. सोडल्यावर घरंगळताना ताजं इंधन-तेल आत ओढलं जातं, ते महत्त्वाचं.

फॉइल काढली. गाडी पळू लागल्यावर हेडला वारा लागतो, तरीही भारामुळे ९५ ते १०२ मध्ये राहिलं. दर तीन-चार मिनिटांनी आत घ्यायचं, गन लावायची, बंद, ठिपका वर, गार. दुपारपर्यंत हेच. कंटाळवाणं काम आहे. पुतण्या तासाभरात मोबाइलकडे वळला.

सुधारणा हाताला जाणवते. आधी थंड इंजिन फिरवताना वरच्या टोकाला अंगठा दुखायचा, आता रुततं पण सुटतं. स्टार्टर बॉक्सचा दमही कमी लागतो.

५ जानेवारी २०२५, रविवार

आता नीडल. एका वेळी एक तास, म्हणजे घड्याळाच्या काट्याचा एक तास, फेऱ्याचा बारावा भाग. प्रत्येक बदलानंतर पूर्ण दोन-तीन फेऱ्या मारून मगच निष्कर्ष काढायचा. इंजिनाला नवं सेटिंग पचायला वेळ लागतो, आणि घाईत लागोपाठ दोन वेळा आवळलं की कुठल्या तासाने काय केलं ते कळत नाही.

आधी हाय-स्पीड. सरळ पट्ट्यात शेवटपर्यंत ओढून पाहायचं: अडखळतं का, धुराची रेघ राहते का. "एक आड एक" आवाज वरच्या फेऱ्यांतून नाहीसा झाला आणि धूर पातळ पण सलग राहिला, तिथे थांबलो. आणखी आवळलं तर आवाज गोड होतो. त्या गोड आवाजाच्या मोहात पडू नये. तो बिघडण्याच्या आधीचा असतो.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. इथली हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा सहा-एक टक्क्यांनी विरळ, म्हणजे त्याच नीडलवर इंजिन इथे किंचित रिच. मुंबई-गोव्याकडच्या मित्राने सांगितलेला फेऱ्यांचा आकडा इथे जसाच्या तसा लावण्यात अर्थ नाही, आणि इथला आकडा तिकडे नेण्यात तर धोका आहे, कारण तिकडे तो लीन पडेल.

मग लो-स्पीड. इंजिन तापलेलं, आयडलवर. कार्बजवळ इंधनाची नळी चिमटायची आणि ऐकायचं. फेऱ्या किंचित वाढून तीनेक सेकंदांत बंद पडलं तर ठीक. लगेच बंद पडलं तर लीन. बराच वेळ चालत राहिलं, आवाज खूप चढला, तर रिच. हीच चाचणी मघाशी बंद करण्यासाठी नको म्हटली होती. आता इंजिन बसत आलंय, आणि दोन-तीन वेळाच करायची आहे. सुरुवातीला पाच-सहा सेकंद लागत होते. दोन तास आवळल्यावर तीनवर आलं. नीडल लीन केली की आयडल आपोआप वाढतं, म्हणून आयडल स्क्रू थोडा मागे घेतला, नाहीतर क्लच धरतो आणि गाडी उभ्या उभ्या सरकू लागते.

तात्यांचा गनवर अजून पूर्ण विश्वास नाही. त्यांनी बोट बादलीत बुडवून हेडवर थेंब सोडला. चर्र करून तीन-चार सेकंदांत उडाला. "शंभराच्या वर, पण लय नाही," त्यांनी जाहीर केलं. गन १०६ म्हणत होती.

दिवसाच्या शेवटी प्लग काढून पाहिला. कॉइलचा चकचकीतपणा गेला आहे, राखाडी झाली आहे, एका वेटोळ्यावर बारीक कण चिकटलेत. रनिंग-इनमध्ये सुटणारा धातूचा कीस कॉइलवर बसतो आणि प्लग दगा देतो, तोही बहुधा गाडी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला असताना. हा प्लग आता राखीवात, नवा मीडियम (मध्यम गरमपणाचा) प्लग बसवला.

१२ जानेवारी, रविवार

तपासणी. हेड उघडलं नाही. पुष्कळ जण रनिंग-इननंतर इंजिन खोलून बघतात. मी कारण नसताना खोलत नाही, कारण स्लीव्ह आणि पिस्टन ज्या जागी एकमेकांना बसलेत ती जागा हलवायची कशाला? पोर्टमधून जे दिसतं ते पाहिलं. पिस्टनच्या वरच्या कडेला साटिनसारखी मंद चमक सगळीकडून सारखी आहे. एका बाजूला जास्त असती तर रॉड वाकडा किंवा बेअरिंग गेलेलं, अशी शंका आली असती. पिस्टन तळाशी ठेवून प्लगच्या भोकातून लाकडी काडीने हलका दाब दिला, रॉडला जाणवण्यासारखा खेळ नाही.

गार इंजिन वरच्या टोकाला अजून धरतं. तात्यांचं मत: "एवढं राहू दे." आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

दिवस संपताना टाकी रिकामी केली, उरलेलं इंधन जाळून टाकलं, प्लगच्या भोकात आणि कार्बमध्ये आफ्टर-रन ऑइलचे थेंब घालून प्लग बसवण्याआधी स्टार्टरवर फिरवलं. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत आणि क्रँककेसमध्ये राहिलेलं इंधन आठवडाभरात मागच्या बेअरिंगवर गंज आणतं. आत्ता जानेवारीत हवा कोरडी आहे. जून ते सप्टेंबर ही चूक अजिबात परवडणार नाही.

आत्ताचं सेटिंग, २५ टक्के नायट्रो, दुपारची २८ अंशांची हवा : हाय-स्पीड नीडल कंपनीच्या सेटिंगपेक्षा एक तास आत, लो-स्पीड दोन तास आत, आयडलची फट ०.८ मिमी, हेडवर १०५ ते ११०. एप्रिलात हवा तापली की ती विरळ होईल आणि हाय-स्पीडला आणखी अर्धा-एक तास आत जावं लागेल, पण ते तेव्हा गन लावून ठरवायचं, आधी अंदाजाने नाही.

उरलेली कामं : क्लच बेलच्या एका बेअरिंगचा आवाज येतोय, दोन्ही बदलायची. मागच्या डिफरन्शियलमधून सिलिकॉन तेल झिरपतंय. स्टार्टर बॉक्सचं रबरी चाक एका बाजूने खाल्लं गेलंय. तात्या म्हणतात लेथवर नवं करून देतो, मी माप दिलं आहे.